जाखमातेला थरांचा नैवेद्य

चौल मागे पडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आवडाबाईच्या डोक्यावर त्याच्या आधीपासून एक काचेचं भांडं बसलं होतं. भांडं केवढं, तर तान्हं पोर बसवून न्हाऊ घालावं एवढं. जुन्या लुगड्यात गुंडाळून, चुंबळीवर ठेवून ती ते सांभाळत चालली होती. उभ्या जन्मात तिनं डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहिले, भाताचे भारे वाहिले, मिठाच्या पाट्या वाहिल्या. काच मात्र पहिल्यांदाच. त्यामुळे मान ताठ, नजर समोर. तोंड तेवढं सारखं चालू, कारण गप्प बसून चालायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मागोमाग वेळवाडीच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, गोदूबाई, चालल्या होत्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत चौलच्या रामेश्वराचा अंगारा, दोन बेलाची पानं, आणि त्यांच्याच अंगाला अंग लावून, पंच्यात गुंडाळलेली दारूची बाटली.

"मावशी, ही बाटली तुमच्याकडे घ्या हो. मला घाम फुटलाय."

"मंग ह्ये भांडं तुमी घ्या डोक्यावर."

गोदूबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"देवाचंच काम हाय बाई. आनि रामेश्वराला बाटलीचं काय? त्यो सवता भांग पिऊन बसलेला."

"शिव शिव!"

"त्योच. त्याचंच बोलत्ये मी."

नागावच्या अलीकडे समोरून एक छकडा आला. छकड्यात काशीकाकू, गोदूबाईंच्या माहेरच्या ओळखीच्या. कडक सोवळ्यातल्या. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणं सोवळ्यात चालतं, अशी त्यांची समजूत होती. छकडा थांबवून त्यांनी विचारलं, "गोदू, देवदर्शनाला गेली होतीस वाटतं? आणि पिशवीत काय गं बुडबुडतंय?"

गोदूबाईंनी पिशवी पदराआड घेतली. खोटं त्या बोलत नसत, आणि खरं बोलायची ही वेळ नव्हती.

"खोकल्याचं अवशीद हाय," आवडाबाईनं मान न वळवता सांगून टाकलं. "रातभर खोकतात बाई. ऐकवत न्हाय."

मग काय, छकडा पोफळीच्या वाडीआड दिसेनासा होईपर्यंत गोदूबाईंना खोकत चालावं लागलं.

"खोटं बोलायला लावलंत मला," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुमी कुटं बोलल्या? बोलले मी. तुमी नुसत्या खोकल्या."

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, तर आवडाबाईच्या जिभेसाठी. ती जीभ जरा आखूड असती, तर त्या रविवारी दोघींना एवढी पायपीट पडली नसती.

आवडाबाई वेळवाडीच्या आगऱ्यांतली. नवरा बाबाजी मिठागरावर राबायचा. मुलगा सदा रांगत होता तेव्हा बाबाजी तापानं गेला. मीठखात्याचा साहेब तेव्हा अलिबागेला समुद्राकाठच्या बंगल्यात राहायचा. बाबाजीची बायको म्हणून तिला तिथं दळणाकांडणाला ठेवलं, आणि तिचा हात बघून मडमेनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. भात कांडून घट्ट झालेला तो हात अंडी फेटायला लागला की वाडग्यात फेसाचा डोंगर उभा राहायचा. तिथला खानसामा कोर्लईचा किरिस्ताव, पास्कू. माणूस वाईट नव्हता, पण नाताळ जवळ आला की त्याच्या अंगात यायचं. कारण नाताळाला साहेबाच्या मेजावर ट्रायफल लागे.

ट्रायफल हा शब्द आवडाबाईच्या तोंडात बसला नाही. ती म्हणायची थरांचं. काचेच्या मोठ्या भांड्यात तळाला केक, केकवर दारूचं शिंपण, त्यावर मुरंबा, मुरंब्यावर पिवळंधमक कस्टर्ड आणि वर साय. बाहेरून काचेतून सगळे थर मोजून घ्यावेत. आवडाबाई अंडी फेटायची, फळं चिरायची, साय घुसळायची. पण कस्टर्डचं दूध चुलीवर चढलं की पास्कू तिला दाराबाहेर काढायचा.

"आवडा, भायेर जा. बाईची सावली पडली की कस्टर फाटतं."

सावलीबिवली काही नव्हतं. ही शिकली तर उद्या आपल्या जागी उभी राहील, एवढीच त्याला धास्ती. आवडाबाईलाही ते कळत होतं. ती बाहेर जाऊन उभी राहायची आणि खिडकीतून त्याची पाठ बघायची. पाठीवरून कस्टर्ड शिकता येत नाही.

आणि खाल्लं तर तिनं ते कधीच नव्हतं. मडम सोडत होती उरलेलं. पण त्यात केक, आणि केक म्हणजे पावाचाच भाऊ. आमच्या या किनाऱ्यावर पावाची दहशत फिरंग्यांच्या काळापासूनची. विहिरीत पाव टाकला, वाडीनं पाणी प्यालं, वाडी बाटली, अशा गोष्टी म्हाताऱ्या अजून सांगतात. पाव पोटात गेला की जात बाहेर आली. म्हणून आवडाबाईनं ते थरांचं इतकी वर्षं नुसतं काचेतून बघितलं.

मिठाची चळवळ झाली, त्याच्या पुढच्या साली साहेब विलायतेला गेला. बंगला बंद झाला आणि आवडाबाई वाडीत परत आली ती गोष्टींचं गाठोडं घेऊन. थरांच्याची गोष्ट त्यातली सगळ्यात मोठी. विहिरीवर, खळ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत, कुठंही ती सुरू व्हायची. ऐकणाऱ्या बायांना वाटायचं, ही आत्ता उठेल आणि करून दाखवेल. कस्टर्ड सोडून सगळं येतं, हे आवडाबाईनं कुणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कुणी.

सदा मोठा होऊन हिरामण तांडेलाच्या मचव्यावर खलाशी झाला. जमिनीवर त्याचं मन कधी रमलं नाही. पाय मातीला लागले की तो चुकल्या बैलासारखा दिसायचा. दिवाळीनंतर मचवा कौलं भरून गेला आणि वादळात सापडला. आज येईल, उद्या येईल, करता करता वाडीच्या चुली विझल्या. बाया जाखमातेच्या देवळात जाऊन बसल्या आणि नवस सुरू झाले.

काळूरामाची बायको नीराबाई म्हणाली, "आई, माझ्या धन्याला आण. बोकड देईन."

रंगूनं आपल्या भावासाठी कोंबडा बोलला. कुणी साडीचोळी बोललं. आता पाळी आवडाबाईची. बोकड तर नीराबाई बोलून बसली. कोंबडा बोलावा, तर सदा काळूरामापेक्षा स्वस्त ठरणार. अशा वेळी बाई रडते. आवडाबाई ताडकन उभी राहिली.

"आई, बोकडं तू लई खाल्लीस. पुन्यांदा तेच तेच खाऊन तोंड आंबलं आसंल. माझा सदा परत आन, मी तुला सायबाच्या मेजावरचं थरांचं घालीन. तुझ्या सात पिढ्यांनी बगितलं न्हाय असलं!"

गुरव कोंडाजीनं कानांवर हात ठेवले. देवीच्या पिढ्या काढणारी बाई त्यानं पहिल्यांदा बघितली.

पण मचवा आला. डोलकाठी मोडलेली, शीड फाटलेलं, गुजरातच्या बाजूनं भरकटत आला, पण माणूस एकही कमी नव्हता. रंगू म्हणाली, "हावच सुटली असंल देवीला."

बोकड कापला गेला, वाडीनं खाल्ला. कोंबडाही गेला. आवडाबाईचं आपलं आज करते, उद्या करते. इकडे डोलकाठी नवी झाली आणि मचवा पुन्हा पाण्यात ढकलायची वेळ आली, तेव्हा हिरामण तिच्या दारात येऊन उभा राहिला. हा माणूस जगात दोनच गोष्टींना भ्यायचा. एक वादळी वारा, आणि दुसरा न फिटलेला नवस.

"आवडावैनी, सरळ सांगतो. बुधवारच्या भरतीला मी सुटनार. ज्याचा नवस बाकी हाय त्याचा पाय माझ्या मचव्याला लागनार न्हाय. देवी त्याला वसूल कराय येईल, आनि आमी सगळे मधल्या मधी बुडू. नवस फेड. आनि फेडला म्हंजे परसाद माझ्या परत्येक गड्याच्या पोटात गेला पायजे. न्हायतर सदाच्या जागी दुसरा गडी घेतो."

सदा आत बसून ऐकत होता. त्या दिवसापासून त्यानं आईशी बोलणं टाकलं. ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. समुद्राकडे तोंड करून पडवीत बसायचा. आवडाबाईला लोकांच्या शिव्या पचत होत्या. ही पोराची पाठ पचत नव्हती.

ती कोंडाजीकडे गेली.

"कस्टर कसलं घालू?" तिनं विचारलं. अलिबागच्या एका दुकानात डब्यातली पिवळी भुकटी मिळते, दुधात कालवली की झालं, असं तिच्या कानावर होतं. नाहीतर अंड्याचं. गोदूबाईंनी मधला मार्ग सुचवला होता, चिकाचा. शाळेशेजारची गाय नुकतीच व्यालेली. चीक वाफवला की कस्टर्डसारखाच थरथरतो आणि देवाला निर्मळ.

कोंडाजीला खरवस जीव की प्राण. तो म्हणाला, "चिकाचंच बरं. डब्यात कुनाच्या हाडाची भुकटी हाय कोन सांगावं."

"तू नगं सांगू. आईला इचार. लाव कौल."

देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कोंडाजीनं गाऱ्हाणं घातलं. डब्याचं विचारलं, डावी पडली. चिकाचं विचारलं, कळ्या हलेनात. कोंडाजीनं पुन्हा विचारलं, गोड आवाजात विचारलं, खरवसात वेलची असेल असंही देवीला सांगितलं. कळ्या जागच्या जागी. शेवटी वैतागून तो म्हणाला, "मंग आई, काय अंड्याचं..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी टपकन खाली.

"बगितलंस?" आवडाबाई म्हणाली. "तुझं म्हननं आईकून आईकून कटाळली ती."

गोदूबाई मागे हात जोडून उभ्या होत्या. देवीनं कौल दिला म्हणजे दिला, त्यावर त्यांना बोलायचं नव्हतं. पण घरी जाताना त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, अंड्याचं येतं ना तुम्हाला?"

तेव्हा आवडाबाई पहिल्यांदा खरं बोलली. "न्हाय."

म्हणून रविवारी शाळेला सुटी बघून दोघी निघाल्या. गोदूबाई रामेश्वराच्या देवळात थांबल्या. आवडाबाई एकटी रेवदंड्याला जाऊन, होडीनं खाडी ओलांडून कोर्लईला गेली. पास्कू आता थकला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी दारात बाज टाकून पडलेला. थरांचं देवीला घालायचंय, हे ऐकून तो एवढा हसला की बायकोनं आतून पाणी आणून दिलं.

"देवळात ट्रायफल! आमच्या चर्चातल्या मायला अजून कोणी घातलं नाय. ती बिचारी मेणबत्तीवर भागवते."

"हसून झालं आसंल तर शिकव."

पास्कू हसायचा थांबला. त्याचे मुलगे आगबोटीवर. त्यांना बापाच्या रांधण्याचं सोयर ना सुतक. साहेब गेल्यापासून कस्टर्डचं नावसुद्धा कुणी त्याच्यासमोर घेतलं नव्हतं. तो बाजेवर उठून बसला.

"डब्यातलं नाय ना घेतलं? बरं केलं. डब्यातलं आंधळ्याला पण जमतं. अंड्याचं कस्टर म्हणजे नवरा. नजर हटली की बिघडला. ऐक. नुसतं पिवळं घ्यायचं, पांढरं नाय. साखर त्यातच फेटायची. दूध कोमट, उकळी नको. बारीक धार धरून पिवळ्यात ओतायचं, घाई केलीस तर अंडं शिजेल. मग निखाऱ्यावर ठेवायचं, जाळावर नाय. ढवळायचं एकाच अंगानं, आणि हात सोडायचा नाय. घर पेटलं तरी हात सोडायचा नाय. चमचा उलटा करून पाठीवर बोट ओढायचं. रेघ तशीच राहिली की उतरव. रेघ मिटली तर अजून वेळ आहे."

"येवडंच?"

"येवडंच."

"आनि ह्येच्यासाठी मला वर्सांनुवर्सं भायेर उबं केलंस, मेल्या?"

पास्कूनं बायकोला हाक मारली. बायकोनं केक बांधून दिला, घरची दारू बाटलीत भरून दिली. काचेचं भांडं साहेबानं जाताना पास्कूला दिलेलं. तेही त्यानं स्वतः पुसलं, केक त्यात ठेवला आणि आवडाबाईच्या डोक्यावर दिलं. "फाटलं तर माझं नाव सांगू नको," एवढं बोलून तो पुन्हा बाजेवर आडवा झाला.

मंगळवार उजाडला. देवीचा वार. आवडाबाईनं पहाटे अंघोळ केली, ओलेत्यानंच चूल सारवली. नैवेद्याचं रांधायचं म्हणजे बोलायचं नाही, चाखायचं नाही, वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. पहिली घ्यायची ती देवीनं. चाखायचं नाही हे तिला जमण्यासारखं होतं. बोलायचं नाही हे अवघड, म्हणून तिनं तोंडाला फडकं बांधलं. सून राही बाजूला बसून सासूकडे बघत होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूला गप्प बघितलं नव्हतं.

रंगूच्या कोंबड्यांची अंडी. पिवळं वेगळं, साखर घातली, फेटलं. कोमट दुधाची धार. निखाऱ्यावर पातेलं. एका अंगानं ढवळणं. सगळं पास्कूच्या शब्दाप्रमाणं. दूध दाटायला लागलं, चमचा जड लागू लागला, उलटा करून बोट ओढायचं आता...

आणि देवळात कोंडाजीनं घंटा वाजवली.

घंटा ऐकली की हात जोडायचे. आवडाबाईला चालायला शिकवायच्या आधी तिच्या आजीनं हे शिकवलं होतं. विचार करून जोडायचे नसतात, ते जुळतात. चमचा पातेल्यात, हात छातीशी, डोळे मिटलेले. उघडले तेव्हा पातेल्यात पिवळ्या गाठी आणि वर पाणी.

आवडाबाईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. ती जे काही बोलली ते देवीला उद्देशून होतं आणि इथं लिहिण्यासारखं नाही. मग ती तशीच उठली, देवळात गेली, आणि मघाचं तेच फडकं घंटेच्या लोलकाला गच्च गुंडाळून बांधलं.

"आगं! आगं काय करतीस!" कोंडाजी ओरडला.

"माजं कस्टर उतरंपातूर घंटा वाजवायची न्हाय."

"दुपारची पूजा हाय माजी!"

"गप पूजा कर. आई काय बहिरी हाय, तिला घंटा लागती?"

"देवीच्या घंटेची जीभ बांधलीस तू आवडे!"

"मंग? माजी बी बांदली हुती सकाळपासून. फिटंफाट झाली."

गावातली कोंबड्यांची खुराडी पुन्हा हुडकली गेली. अंडी जमली. दूध गोदूबाईंनी हुडकून पाठवलं. आवडाबाई चुलीपुढं बसली आणि राहीकडे वळून म्हणाली, "तू भायेर जा."

"का वो?"

"कोन बगत आसलं की फाटतं ह्ये."

राही निमूट बाहेर गेली. बाहेर जाऊन उभी राहिली, तेव्हा आवडाबाईला एकदम पास्कूची पाठ आठवली. क्षणभर तिला वाटलं, पोरीला हाक मारावी. पण हात ढवळत होता आणि हात सोडायचा नव्हता.

या खेपेला काहीच वाजलं नाही. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं. रेघ नांगराच्या तासासारखी उभी राहिली. पातेलं उतरून तिनं पाण्याच्या परातीत ठेवलं, रांजणाच्या गारव्याला. मग भांड्यात थर लावले. तळाला केक, त्यावर दारू. थोडीशीच ओतायची होती. पण गोदूबाईंनी एवढी दूरवर वाहिली ती काय परत न्यायला, असा विचार करून तिनं हात सैल सोडला. त्यावर घरचा मोरावळा, मग नागावची सोनकेळी. मग कस्टर्ड. वर साय. दुपार कलेपर्यंत काचेतून असे थर दिसायला लागले की राही आत आली आणि नुसती बघत राहिली.

"आत्या, साखर किती पडली ह्येच्यात?"

आवडाबाई बोलायला गेली आणि थांबली. पहिल्या खेपेला साखर घातली, ती डोळ्यांसमोर होती. दुसऱ्या खेपेला? देवळातून आली, कोंडाजीला शिव्या देत आली, अंडी फोडली... पुढं काही दिसेना.

"तू बगितलंस का मला घालताना?"

"मला कुटं बगू दिलंत?"

चाखता येत नव्हतं. आणखी घालावी, तर आधीच पडलेली असायची. आवडाबाईनं भांड्याला हात जोडले. घंटा वाजली नव्हती तरी जोडले.

संध्याकाळी देवळात सगळी वाडी लोटली. गाभाऱ्यापुढं काचेचं भांडं ठेवलं तेव्हा माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. कोंडाजीला वेगळाच प्रश्न पडला. "आईला हे दाखवायचं कुटनं? वरनं का कडंनं?"

"फिरवून दाव. सगळीकडनं बगू दे तिला."

त्यानं भांडं फिरवलं, पाणी फिरवलं, पडदा धरला, कौल लावला. उजवी कळी पडली. देवीला पसंत. आवडाबाईनं पदर खोचला. तिनं केळीच्या पानांचे द्रोण मांडले.

हिरामण खलाशांना घेऊन पुढं आला. सगळे अंघोळ करून, टिळे लावून. सदा मागे खांबाशी, काखेत उद्याच्या प्रवासाचं गाठोडं. आईकडे न बघता, पण गाठोडं बांधून आला होता खरा.

हिरामणनं भांड्यात निरखून बघितलं. "वैनी, खाली ह्ये काळपट काय?"

"केक हाय."

"पावच त्यो."

"केक त्यो. गोड असतो."

"पाव गोड केला म्हून त्याची जात बदलती?"

झालं. पुढचे खलाशी एक पाऊल मागे सरले. हिरामण म्हणाला, "आधी गुरवानं घ्यावा. देवीचा त्यो."

"माजा आज उपास," कोंडाजी म्हणाला.

"मंग काळूराम घे."

"माजा बी मंगळवार."

बघता बघता सगळ्यांना मंगळवार आठवला. महाशिवरात्रीलासुद्धा वेळवाडीत एवढे उपास पडले नव्हते.

"देवीनं खाल्लेलं हाय रं!" आवडाबाई ओरडली. "ती बाटली काय?"

"देवीला कोन वाळीत टाकतंय?" हिरामण म्हणाला. "माझी पोरं बाटली तर मला पंगतीत कोन घेनार? पर परसाद गेल्याबिगर सदाला मी नेनार न्हाय. त्यो माझा शबुद हाय."

"मी खातो," सदा पुढं आला.

"न्हाय. ज्याच्यासाटी नवस, त्यानं आनि नवस बोलली तिनं सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. रीत हाय."

रीत खरीच तशी होती. सदानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. कितीतरी दिवसांनी तो आईशी बोलला. एवढंच बोलला, "चल आये, घरी चल."

आवडाबाईनं त्या आवाजावर मान वर केली नाही. तिनं एक द्रोण उचलला, डाव खोल घातला आणि तळापासून वरपर्यंत सगळे थर एका डावात घेतले. केक, मोरावळा, केळं, कस्टर्ड, साय.

गोदूबाई बायकांच्या बाजूला, कोपऱ्यातल्या समईजवळ डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते. अलिबागच्या ब्राह्मणाघरची ही बालविधवा शाळेवर आली, तेव्हापासून वाडीचा एक न बोललेला नेम होता. बाईंनी घेतलं ते शुद्ध, बाईंनी नाकारलं ते अशुद्ध. त्यांच्या एकादश्या वाडी मोजायची, त्यांच्या तुळशीला वाडीतल्या बाया लांबून नमस्कार करायच्या. बाईंनी एखाद्या झऱ्याचं पाणी प्यायलं, तर तो झरा चांगला.

आवडाबाई त्यांच्यापुढं जाऊन बसली. सगळं देऊळ बघत होतं. गोदूबाईंनी डोळे उघडले आणि आधी द्रोणाकडे, मग तिच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आवडाबाईचा आवाज खाली आला.

"बाई, तुमाला अंडं चालत न्हाय, त्ये मला ठावं हाय. दारू तर तुमी नुसती हातात धरली तर घाम फुटला. मी कदी कुनाफुडं हात पसरला न्हाय, देवीफुडं बी न्हाय, तिच्याशी मी सौदा केला. तुमच्याफुडं पसरते. एक घास घ्या. तुमी घेतला की हिरामण घेईल, आनि त्यानं घेतला की माजा सदा जाईल. तुमचा देव रागावला तर माझं नाव सांगा त्येला, मी बगून घेईन. आनि बाई..." ती आणखी जवळ सरकली. "साखर पडली का न्हाय मला आठवत न्हाय. कसं बी लागू दे, तोंड तेवडं वाकडं करू नका. हिरामण बगतोय."